भय्याजींच्या टाकीतलं पाणी

मारोतराव रामटेक्यांच्या अंगात काळजी मुरली ती नोकरीत. भिलाईच्या पोलाद कारखान्यात त्यांनी सारी उमर क्रेन चालवली. वितळलेल्या पोलादानं भरलेली लॅडल, म्हणजे खोलीएवढी बादली, उचलून शेडच्या या टोकाहून त्या टोकाला न्यायची. वर केबिनमध्ये ते एकटे, खाली माणसं. ब्रेक जरासा उशिरा लागला तर काय होईल, याचा विचार केल्याशिवाय त्यांनी एकदाही हँडल ओढलं नाही. त्यांच्या हातून कधी कोणाला इजा झाली नाही, पण तो विचार काही डोक्यातून उतरला नाही. रिटायर होऊन स्मृति नगरात घर बांधलं, तरी गॅसचं बटण ते तीनतीनदा तपासायचे. मुलगी कीर्ती कोचिंगमध्ये केमिस्ट्री शिकवायची. तिची स्कूटी गेटात शिरेपर्यंत ते अंगणात उभे राहायचे.

"तुमच्या डोक्यातली क्रेन काही बंद होत नाही," मनकर्णाबाई म्हणायच्या.

या माणसाला एकच दोस्त होता, नेहरू नगरातले भय्याजी डबीर. भय्याजींचं घराणं मूळचं दुर्गचं, पिढ्यान्‌पिढ्या तिथं राहिलेलं. ते बँकेतून रिटायर झालेले, बडबडे, हसरे, मारोतरावांच्या अगदी उलट. संध्याकाळी दोघं मिळून फिरायला जायचे. भेटल्यावर भय्याजी म्हणायचे "जयभीम, मारोतराव" आणि मारोतराव म्हणायचे "राम राम, भय्याजी". एकमेकांचा नमस्कार आपण करायचा, हा त्यांचा जुना रिवाज होता.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी भय्याजींच्या छातीत कळ आली. डॉक्टरांनी तपासून ऑपरेशन सांगितलं. नागपूरला त्यांचा भाऊ होता, म्हणून तिकडेच न्यायचं ठरलं. गाडी दारात उभी होती, सिंधुताई बॅगा भरत होत्या, आणि त्या धावपळीत त्यांनी घराची किल्ली मारोतरावांच्या हातात ठेवली.

"भाऊजी, तेवढे मासे सांभाळा. दाणे टाकायचे, बस. एवढंच काम आहे."

भय्याजी गाडीत मागच्या सीटवर डोळे मिटून बसले होते. त्यांनी काच खाली केली. "थोडेच टाकजा, मारोतराव. जास्त नाही. आणि पाण्याला हात..." पुढचं बोलणं खोकल्यात गेलं. गाडी निघाली.

दुसऱ्या दिवशी मारोतरावांनी कुलूप उघडलं. भय्याजींची टाकी हॉलमध्ये होती, दिवाणाएवढी लांब. वर्षानुवर्षं ती मारोतरावांनी येता-जाता पाहिली होती, पण चहा पिताना नजर टाकावी तशी. आज पहिल्यांदा ते तिच्यासमोर नीट उभे राहिले. पाणी कोऱ्या चहासारखं पिवळं पडलं होतं. काचांवर हिरवा थर होता. गप्पी माशांची पिलावळ इतकी वाढलेली, की मुंग्यांचं वारूळ फुटल्यासारखं वाटावं. काच चाटणारा सकर मासा, जो दुकानातून आणताना बोटाएवढा असतो, तो हाताच्या कोपरापर्यंत लांब झालेला, आणि तळाशी त्याच्या घाणीच्या दोऱ्या. या सगळ्या गर्दीत, टेट्रा नावाच्या इवल्या चमकत्या माशांच्या थव्यातून, भय्याजींची लाडकी एंजलची जोडी फिरत होती. एक काळ्या पट्ट्यांचा आणि एक शुभ्र पांढरी, दोघंही तळहाताएवढे, चपटे, संथ.

मासे मात्र बरे दिसत होते. दाणे टाकले की वर यायचे, खायचे. चार दिवस मारोतरावांनी तेवढंच केलं. पण घरी आले की डोळ्यांपुढे ते पिवळं पाणी यायचं. जेवताना घास हातातच राहायचा.

"एवढ्या घाण पाण्यात ते जगतील कशे?" ते मनकर्णाबाईंना म्हणाले. "भय्याजी तिकडे दवाखान्यात, आन्‌ इकडे एखादा मेला तं मी काय सांगू त्याइले?"

"त्यायनं दाणे टाकाले सांगितले नं? मंग दाणे टाका."

नागपूरहून सिंधुताईंचा फोन आला. ऑपरेशनची तारीख ठरली होती. आवाज थकलेला होता. "रात्रंदिवस पडून पडून कंटाळून राहिले. मासे कसे आहेत, हेच विचारतात. जमलं तर एखादा फोटो पाठवा, भाऊजी."

त्या पिवळ्या पाण्याचा फोटो कसा पाठवायचा? मारोतरावांनी दुसऱ्या दिवशी सकाळीच बाह्या सरसावल्या. भय्याजींच्या बोअरचं पाणी स्वच्छ होतं. जड पाणी, बादलीला पांढरे डाग पडायचे, पण दिसायला काचेसारखं. त्यांनी टाकीतलं अर्ध्याहून जास्त पाणी उपसलं. खडे चोळून धुतले. फिल्टरमधला स्पंज काळाकुट्ट झाला होता. तो नळाखाली धरून पांढरा होईपर्यंत पिळला. काचा घासल्या. मग बादल्यांमागून बादल्या बोअरचं पाणी भरलं. कंबर मोडली, पण टाकी अशी झळाळली की मारोतराव स्वतःच पाहत राहिले. फोटो काढला, पाठवला. थोड्या वेळानं सिंधुताईंचं उत्तर आलं: "दाखवला. हसले."

ते एक वाक्य वाचून मारोतरावांना बऱ्याच दिवसांनी भूक लागली. घरी जाऊन पोटभर जेवले आणि झोपले.

संध्याकाळी फिरता फिरता ते पुन्हा भय्याजींच्या घरी गेले. दिवा लावला आणि दारातच थबकले. मासे सगळे वर आले होते. पाण्याच्या पृष्ठभागाला तोंडं लावून भराभर श्वास घेत होते. कल्ले लालभडक झालेले. काही गप्पी उलटे तरंगत होते, टेट्रांचा थवा कोपऱ्यात एकावर एक पडल्यासारखा गोळा झाला होता. पांढरी एंजल एका कुशीवर कलली होती. ती सरळ व्हायची, पुन्हा कलायची.

त्यांनी कीर्तीला फोन लावला. ती क्लासमध्ये होती. त्यांनी पुन्हा लावला, पुन्हा लावला.

"बाबा, काय झालं? आई ठीक आहे नं?"

"आई ठीक आहे. तू भय्याजीच्या घरी ये. लवकर ये, बेटा. मासे मरून राहिले."

कोचिंग तिथून जवळच होतं. कीर्ती आली तेव्हा मारोतराव बादली घेऊन उभे होते. "सारं पाणी काढून टाकतो, पुन्हा ताजं भरतो," ते म्हणाले.

"थांबा! हात नका लावू. आधी सांगा, केलं काय तुम्ही?"

त्यांनी सांगितलं. फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळला, हे ऐकून तिनं कपाळाला हात लावला. टाकीखालच्या कपाटात भय्याजींच्या पाणी तपासायच्या छोट्या बाटल्या होत्या. एका काचनळीत पाणी घेऊन थेंब टाकायचे आणि रंग बदलला की तक्त्याशी जुळवायचा. शाळा-कॉलेजात असं हजारदा केलेलं. तिनं बाटल्यांवरची तारीख पाहिली. एकीची मुदत संपून महिने झाले होते, बाकीच्या चालण्यासारख्या होत्या. तपासलं. पाणी अल्कलीकडे झुकलेलं, आणि अमोनियाची नळी हिरवीगार, म्हणजे धोक्याची.

"आज भरलेल्या पाण्यात एवढा अमोनिया कुठून आला?" ती स्वतःशीच म्हणाली. "बाबा, जुनं पाणी थोडं तरी उरलं आहे का कुठं?"

एक बादली उरली होती. कुंड्यांना घालू म्हणून मारोतरावांनी ती अंगणात ठेवली होती. कीर्तीनं तेही तपासलं. अमोनिया त्यातही होता, किंबहुना जास्तच गडद हिरवा. पण पाणी होतं चांगलंच आम्लधर्मी.

ती सोफ्यावर बसली. आता तिला उलगडा झाला होता.

"यात अमोनिया आधीपासूनच होता, बाबा. कितीतरी दिवसांपासून. इतके मासे, त्यांची घाण, आणि पाणी बदललेलंच नाही. असं झालं की पाणी हळूहळू आंबट होत जातं. पण आंबट पाण्यात अमोनिया वेगळ्या रूपात राहतो, माशांना तेवढा लागत नाही. झोपून राहतो म्हणा. तुम्ही वरून बोअरचं जड पाणी ओतलं. आंबटपणा एकदम गेला, आणि तो झोपलेला जागा झाला."

"म्हंजे मीच मारले."

"मी असं नाही म्हटलं."

"पाणी गंदं होतं तं जगून राहिले होते. मी साफ केलं, आन्‌ मेले."

कीर्तीला वडिलांचा हा आवाज ओळखीचा होता. आता ते रात्रभर स्वतःला कुरतडत बसणार. ती उठली. "बाबा, अभी रोने का टाइम नहीं है. मी सांगते ते करा, आणि मी सांगते तेवढंच करा. त्याच्यापेक्षा जास्त काही नाही."

हवेचा पंप पूर्ण सोडला. दाणे बंद. जवळच्या सुपेला बाजारातून तिनं अमोनिया बांधून ठेवणारं औषध आणलं. छतावरचा निळा ड्रम धुऊन हॉलमध्ये ठेवला; त्यात स्वयंपाकघरातल्या आरओचं मऊ पाणी आणि थोडं बोअरचं पाणी मिसळून, गप्पींचा मोठा हिस्सा आणि तो सकर जाळीनं काढून हळूहळू त्या पाण्याची सवय करत सोडला. टाकीतली गर्दी एकदम निम्म्यावर आली. मग कीर्तीनं आपल्या कोचिंगच्या देवेंद्र सरांना फोन केला. रिसेप्शनमध्ये त्यांची एक जुनी टाकी होती. तिच्या फिल्टरमधला एक मळलेला स्पंज तिनं मागितला.

"मळलेला कावून?" मारोतरावांनी विचारलं.

"त्या मळात जंतू असतात, अमोनिया खाणारे. तुम्ही आज सकाळी नळाखाली धुतले, ते. आता उसने आणायचे."

स्पंज ओल्या पिशवीतून आला, फिल्टरमध्ये बसला. आता काय, म्हणून मारोतराव लेकीकडे पाहू लागले.

"आता काही नाही. रोज थोडंसं पाणी बदलायचं, मग्गाभर काढून मग्गाभर मिसळलेलं घालायचं. रोज तपासायचं. बाकी बसून राहायचं."

मारोतरावांना ते सगळ्यात जड गेलं. क्रेनवर काही बिघडलं की हाताशी ब्रेक होता, हॉर्न होता, ओरडायला खाली माणसं होती. इथं बसून पाहणं, एवढंच काम. ते सकाळीच जायचे आणि खुर्ची टाकीसमोर ओढायचे. रोज एक-दोन गप्पी तळाशी मिळायचे. ते कागदात गुंडाळून अंगणात पुरायचे. टेट्रे जरा पसरले. काळ्या पट्ट्यांचा एंजल पंपाच्या बुडबुड्यांपासून मध्यापर्यंत येऊ लागला. पांढरी मात्र तशीच कललेली, कल्ले तुटत्या पंख्यासारखे हलत.

हात शिवशिवायचे. आणखी एक मग्गा बदलावा का? औषध थोडं जास्त टाकावं का? एकदा त्यांनी मग्गा उचलला देखील. मग खाली ठेवला, आणि हात मांड्यांखाली दाबून बसले.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी ते गेले, तेव्हा पांढरी एंजल खड्यांवर आडवी पडली होती.

मारोतरावांच्या घरात शकुन-अपशकुनाला थारा नव्हता. वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हाच ते सगळं सोडलं होतं, आणि मारोतराव स्वतः मांजर आडवी गेली म्हणून थांबणाऱ्यांना हसत आले होते. तरी त्यांनी घड्याळ पाहिलं. नागपुरात याच वेळी भय्याजींची छाती उघडली असेल. 'मासा आहे,' ते मोठ्यानं म्हणाले, रिकाम्या घरात. 'मासाच आहे. त्याचा न्‌ त्याचा काई संबंध नाई.' पण फोन हातातून खाली ठेवायची हिंमत होईना. एका हातात फोन, समोर टाकी, असे ते दुपारपर्यंत बसले. मनकर्णाबाई डबा घेऊन आल्या, त्यांनी पाहिलं, आणि शेजारी दुसरी खुर्ची ओढली. डबा उघडलाच गेला नाही.

दुपार कलल्यावर फोन वाजला. मारोतरावांनी तो मनकर्णाबाईंकडे दिला. "तू घे."

त्यांनी ऐकलं. "बरं झालं, वहिनी. बरं झालं," म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसले. "ऑपरेशन नीट झालं. शुद्धीवर येऊन राहिले म्हणे."

मारोतराव उठले, अंगणात गेले, आणि पांढऱ्या एंजलसाठी मोगऱ्याच्या बाजूला खड्डा खणू लागले.

आता भय्याजींना सांगायचं कसं, ही नवी चिंता. डॉक्टरांनी त्यांना धक्का देऊ नका म्हटलं होतं. फोटो मागितला की मारोतराव काळ्या एंजलचाच काढायचे. सिंधुताई विचारायच्या तेव्हा "ठीक आहे, वहिनी" म्हणायचे, आणि त्या "ठीक"वर रात्री झोप उडायची. कीर्ती म्हणाली, "कधी ना कधी सांगावंच लागेल, बाबा. तुम्हीच सांगितलं तर बरं."

काही दिवसांनी स्वतः भय्याजींचा फोन आला. आवाज पातळ झाला होता, पण होता त्यांचाच.

"जयभीम, मारोतराव."

"राम राम, भय्याजी."

"किती मेले?"

"भय्याजी..."

"अहो, तुमचा गळाच सांगून राहिला. पांढरी गेली का?"

"गेली," मारोतराव म्हणाले, आणि मग सगळं सांगत सुटले. बोअरचं पाणी, स्पंज, कीर्ती, ड्रम, सारं. "माह्याच हातानं झालं, भय्याजी. तुमी म्हटलं होतं पाण्याले हात लावू नका. तुमी म्हणतच होते."

पलीकडे बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मारोतरावांना वाटलं, झालं, आता छातीला काही झालं. ते "भय्याजी, भय्याजी" करू लागले.

"आहे, आहे. ऐकून राहिलो." भय्याजी हळू बोलत होते. "चूक तुमची नाही. तसं पाणी कोणीही धुतलं असतं. मला ठाऊक होतं आत काय साचलं आहे ते. म्हणून तर म्हटलं हात लावू नका. पूर्ण सांगायला दम नव्हता."

"मंग एवढे दिवस बदललं कावून नाई? तुमी तं दर आठवड्याले बदलवत होते."

"बादली उचलवत नव्हती, मारोतराव. मागच्या उन्हाळ्यापासून. अर्धी भरली तरी छाती भरून यायची. सिंधूला म्हटलं, आता नवीन पद्धत आहे, पाणी बदलायचंच नाही. तिनं मानलं. गप्पी वाढत गेले, कोणाला देऊ म्हणता म्हणता राहूनच गेलं."

मारोतरावांनी फोन कानाला तसाच धरला. मागच्या उन्हाळ्यापासून. म्हणजे ते रोजचं फिरणं. भय्याजी हमखास प्रत्येक गेटापाशी थांबायचे. 'हे पाहा, शेवगा कसा लागला,' 'ही गाडी नवीन घेतलेली दिसते,' असं काहीतरी दाखवायचे. मारोतराव मनातल्या मनात चिडायचे, की हा माणूस चालतो कमी आणि थांबतो जास्त. तो श्वास घ्यायला थांबत होता. सगळ्या जगाची काळजी करणाऱ्या मारोतरावांना आपल्या शेजारी चालणाऱ्या माणसाचा दम दिसला नव्हता.

"मले सांगाचं होतं," ते म्हणाले. राग आला होता, आणि रागानं आवाज फाटला. "मी बादली उचलून दिली असती. माह्यापाशी काय काम होतं दुसरं?"

"तुम्हाला सांगितलं असतं, तर तुम्ही मला दुसऱ्या दिवशी दवाखान्यात टाकलं असतं."

"टाकलंच असतं!"

"मग?" भय्याजी म्हणाले, आणि हसता हसता खोकले. सिंधुताईंनी त्यांच्या हातातून फोन घेतला.

डिसेंबर संपता संपता डबीर घरी परतले. भय्याजी अर्धे झाले होते. सदरा खांद्यावरून घसरत होता. तोवर टाकीतला अमोनिया उतरला होता, उसने आणलेले जंतू टाकीच्या मूळ स्पंजमध्येही नांदायला लागले होते. सकर आणि बरेचसे गप्पी कोचिंगच्या मोठ्या टाकीत गेले होते. मुलं परीक्षेच्या आधी तिथं उभी राहतात, असं कीर्ती सांगायची. इकडे टेट्रे, थोडे गप्पी आणि तो एकटा काळ्या पट्ट्यांचा एंजल, एवढेच राहिले.

भय्याजी काठी टेकत टाकीपाशी आले. काचेतून आत पाहून म्हणाले, "रिकामं रिकामं वाटतं."

"कीर्ती म्हणते एवढ्या टाकीत एवढेच पाहिजेत. पांढरी आणू का दुसरी?"

"नको. आता नको. याला एकट्याला राहू द्या काही दिवस."

त्यानंतर दर रविवारी मारोतराव पाणी बदलायला जातात. बोअरचं आणि आरओचं पाणी आदल्या दिवशी मिसळून ठेवलेलं असतं. भय्याजी खुर्चीवर बसून काचनळी उजेडात धरतात आणि रंग सांगतात; बादली मारोतराव उचलतात. थोडंच काढायचं, थोडंच घालायचं. मारोतरावांचा हात अजूनही जास्त काढायला जातो. भय्याजी "बस" म्हणतात, की ते थांबतात.

फिरायलाही जातात, पहिल्या वळणापर्यंत. भय्याजी एखाद्या गेटापाशी थांबले, की मारोतरावही थांबतात. शेवगा बघायच्या निमित्तानं त्यांची नजर भय्याजींच्या छातीवर असते, ओठांच्या रंगावर असते. भय्याजींना ते कळतं.

"अहो, इकडे काय पाहून राहिले? शेवग्याकडे पाहा."

"पाहून तं राहिलो," मारोतराव म्हणतात, आणि पाहत राहतात.